अर्धविराम अपेक्षित

दार उघडणाऱ्या बाईंनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून कुणाला तरी सांगितलं, "ॲकटा छेले एशेछे."

हे २००९ सालचं. मला बांगला अजिबात येत नव्हती. हावडा स्टेशनवर टॅक्सीवाल्याशी हिंदीत भांडून आलो होतो, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात घरदलालाने दिलेली चिठ्ठी, आणि वर पाऊस. दक्षिण कोलकात्यात लेक मार्केटच्या मागे ती गल्ली होती. बाईंच्या वाक्यातला पहिला शब्द मात्र मला कळला, निदान कळल्यासारखा वाटला. एकटा. एकटा मुलगा आलाय. सांगलीहून निघालेल्या माणसाला या शहरात ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं, आणि बाईंनी ते एका नजरेत ओळखलं याचं मला नवल वाटलं. थोडं रडूही आलं, पण पावसामुळे ते खपून गेलं.

महिनाभराने उलगडा झाला. त्या वाक्यात माझ्या एकटेपणाबद्दल चकार शब्द नव्हता. बांगलात 'एकटा' म्हणजे नुसतं एक. लिहायचं 'एकटा', म्हणायचं 'ॲकटा'. वस्तू मोजताना बंगाली माणूस आकडा उघडा ठेवत नाही, त्याला शेपूट लावतो: एकटा, दुटो, तिनटे, चारटे, पाँचटा. माणसं जरा अदबीने मोजायची तर 'जोन' लावायचं, दुजोन, तिनजोन. म्हणजे बाईंनी आत एवढंच सांगितलं होतं की एक मुलगा आलाय. कोणी तरी.

त्या बाई माझ्या घरमालकीण. मुलींच्या शाळेत बांगला शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना माशिमा म्हणायची, मीही म्हणू लागलो. मी मराठी आहे हे कळल्यावर "बर्गी!" म्हणून त्या खदखदून हसल्या होत्या. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी, म्हणजे बर्गींनी, अठराव्या शतकात बंगालवर ज्या धाडी घातल्या, त्यांच्या धास्तीने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. बागबाजारात आजही मराठा डिच लेन आहे, आणि बर्गी आले म्हणून पोरांना झोपवणारी अंगाई इथे घरोघरी पाठ असते. तर या बर्गीला बांगला शिकवायचं माशिमांनी मनावर घेतलं. फी म्हणून मी त्यांचं वीजबिल भरायचो आणि मोबाइल सुरळीत ठेवायचो.

एका संध्याकाळी त्यांनी टेबलावर दोन पुस्तकं ठेवली आणि म्हणाल्या, "दुटो बोइ." दोन पुस्तकं. कुठलीही दोन. मग म्हणाल्या, "बोइ दुटो." ती दोन पुस्तकं. ही समोरची, तुला आणि मला माहीत असलेली.

मी पुन्हा म्हणवून घेतलं. अक्षरं तीच, शब्द तेच, एक काना इकडचा तिकडे नाही. आकडा आधी आला तर अनोळखी पुस्तकं, आकडा मागे गेला तर ओळखीची. इंग्रजीला यासाठी 'द' लागतो. आपल्याला 'ती' लागतं. बंगाली माणूस एक छदामही जास्त न खर्चता नुसती जागा बदलतो आणि ओळख करून देतो. एकटा छेले, कोणी एक मुलगा. छेलेटा, तो मुलगा, आपला मघाचा.

मी त्या रात्री जरा उशिरा झोपलो. कारण दिवसभर साल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये बसून मी हेच करत होतो आणि त्याचाच पगार घेत होतो. कंस कुठे उघडायचा, कुठे मिटायचा, कुठलं चिन्ह कुणाच्या आधी. आमच्या धंद्यात त्याला सिंटॅक्स म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकत्र मांडणं; त्यातला 'टॅक्सिस' हा भाग सैन्याची रांग लावण्यासाठीही वापरत. मराठी पुस्तकात वाक्यविन्यास म्हणतात. ऑफिसात मात्र सिंटॅक्स हा शब्द कधी एकटा (आपल्या अर्थाने एकटा) येत नाही, त्याच्या मागे 'एरर' असतोच. त्यामुळे माझ्या मनात सिंटॅक्सचं रूप एका खडूस सुपरवायझरचं होतं. बांगला शिकताना ते पहिल्यांदा हललं.

पूर्ण बदललं ते एका निरोपामुळे. सी भाषेत वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला की कंपायलर जो निरोप देतो, त्यातला मुख्य शब्द आहे 'एक्स्पेक्टेड'. इथे अर्धविराम अपेक्षित होता. हा निरोप मी हजारदा वाचला असेन आणि दर वेळी तो मला दरडावणीसारखा वाटला. मग एकदा एमएच्या वेळची बहिणीची काव्यशास्त्राची वही आठवली. वाक्य म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्याकडच्या शास्त्रकारांनी दिलेलं उत्तर तिने लाल शाईने तीन शब्दांत लिहून ठेवलं होतं: आकांक्षा, योग्यता, सन्निधी.

आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची लागलेली ओढ. 'आण' म्हटलं की काय आण, हा प्रश्न उठतो. 'घागर' म्हटलं की घागरीचं काय, असं होतं. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती ओळ लावली तर कुणाला कुणाची आस नाही, म्हणून ते वाक्य नाही. योग्यता म्हणजे एकत्र आलेल्या अर्थांचं एकमेकांशी जमणं. 'विस्तवाने झाडं शिंपतो' हे शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण: रचनेत खोट नाही, पण विस्तव शिंपायच्या कामाचा नाही. आणि सन्निधी म्हणजे जवळीक. 'घागर' सकाळी म्हटलं आणि 'आण' संध्याकाळी, तर वाक्य होत नाही.

आमच्या कंपायलरच्या पोटात साधारण हेच तीन कप्पे आहेत. एक भाग पुढे काय यायला हवं याची वाट पाहत बसतो. दुसरा विस्तवाने कोण शिंपतंय ते पाहतो, आकड्यात अक्षरं मिळवू देत नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे कुठे तुटायचं आणि कुठे जुळायचं, ती पायथनसारख्या भाषांत समासातल्या मोकळ्या जागेवर ठरते. या चर्चेला न्यायशास्त्राने धार लावली, आणि नव्यन्यायाचं मोठं पीठ होतं नवद्वीप. ते कोलकात्याच्याच हुगळी नदीच्या वरच्या अंगाला आहे, तिथे तिला भागीरथी म्हणतात. पंडित तिथे टोलांमधून, म्हणजे पाठशाळांतून, वाद घालायचे.

इथे एक कबुली. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचं नासाने जाहीर केलंय, हा निरोप मला वर्षातून चार वेळा तरी येतो आणि दर वेळी दात शिवशिवतात. नासाने असं काही जाहीर केलेलं नाही. रिक ब्रिग्ज या संशोधकाचा १९८५ सालचा एक लेख आहे, तो शास्त्रीय संस्कृतात वाक्याचा अर्थ उकलून मांडायची जी पद्धत होती, तिच्याबद्दल आहे. पाणिनीची थोरवी वेगळी आणि भक्कम आहे. जॉन बॅकसने १९५९ साली नव्या संगणकभाषेचं व्याकरण नियमांच्या ओळींत मांडायची जी रीत काढली, ती पाहून १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या अभ्यासकाने संगणकशास्त्राच्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, की हिच्या नावात पाणिनीचं नाव जोडा. सुमारे चार हजार सूत्रांत भाषा बसवणाऱ्या माणसाला तेवढं पुरे आहे; नासाचा दाखला कशाला हवा?

आकांक्षेकडे परत येतो, कारण मराठी वाक्य तिच्यावरच चालतं. आपलं क्रियापद शेवटी. ऐकणाऱ्याने कर्ता धरून ठेवायचा, कर्म धरून ठेवायचं, मधली विशेषणं काखेत मारायची आणि वाट पाहायची. "काल बाबांनी रागारागाने आत जाऊन कपाटातलं ते जुनं पाकीट मला" इथपर्यंत आलं तरी दिलं, दाखवलं की फेकून मारलं, काही ठरलेलं नसतं. आणि ठरलं असं वाटतं तोच 'नाही' येतो. जुन्या एचपी कॅलक्युलेटरमध्ये आधी दोन्ही आकडे दाबायचे आणि मग अधिकचं चिन्ह. तिला उलटी पोलिश पद्धत म्हणतात. मित्रांना ती अवघड जायची. मला कधीच गेली नाही. दोन आणि तीन मिळव, असंच तर आपण म्हणतो. उलटी कसली, चांगली सुलटी मराठी पद्धत.

वाट संपते कुठे, हे कळलं नाही तर काय होतं ते मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. एका ग्राहक-कंपनीसाठी थकबाकीच्या पत्रांचा प्रोग्रॅम लिहीत होतो. अट अशी, की रक्कम शून्याहून जास्त असेल तरच पत्र पाठव. मी 'इफ' लिहिलं, कंसात अट लिहिली आणि हाताच्या सवयीने कंसापुढे अर्धविराम देऊन टाकला. कंपायलर खूश. अटीनंतर काहीतरी यायला हवं ही त्याची आकांक्षा होती, आणि सीच्या नियमात नुसता अर्धविराम म्हणजे एक रिकामं, पण पूर्ण वाक्य. त्याची वाट तिथेच संपली. पत्र पाठवायचा मजकूर खाली अनाथ उभा राहिला आणि अटीशी नातं तुटल्यामुळे सगळ्यांसाठी चालला. ज्यांच्याकडे दमडीचीही बाकी नव्हती अशा लोकांना शून्य रुपये ताबडतोब भरा अशी पत्रं गेली. दोघांनी शून्य रुपयांचा चेक पाठवला म्हणे. मला ते कळलं तेव्हा हसू आलं नव्हतं.

त्या चुकीला सिंटॅक्स एरर म्हणत नाहीत, हेच तिचं भयंकरपण. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि 'धरावे' या शब्दातल्या ध चा आनंदीबाईंनी मा केला अशी कथा तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुतून बसली. कथा खरी की रचलेली, यावर इतिहासकारांचा वाद आहे. एका बाईच्या माथी मारायला ती फार सोयीची आहे, एवढं मला दिसतं. पण प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहा. 'धरावे' विध्यर्थी, 'मारावे' विध्यर्थी. कर्म तेच, प्रत्यय तोच, रचना जागची हललेली नाही. व्याकरणाच्या पहाऱ्यावरून ते अक्षर सुखरूप आत जातं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मी एक दिवस रजा काढली आणि श्यामबाजारहून बराकपूरची बस पकडली. ती बी. टी. रोडने जाते. वाटेत बराहनगरला भारतीय सांख्यिकी संस्था लागते, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली काढलेली. भारतातला पहिला डिजिटल संगणक मुंबईत नाही, बंगळुरात नाही, इथे आला. नाव एचईसी-२एम. १९५५ मध्ये इंग्लंडहून आला, १९५६ पासून चालू झाला. स्मरणशक्ती म्हणजे फिरता चुंबकी ड्रम. बाहेर झाडं, तळी, चहाची टपरी आणि आत ते धूड.

मला त्या यंत्राची एकच गोष्ट सतत आठवते. त्याला आपल्यासारखी भाषा नव्हती. ना कंस, ना अर्धविराम, ना 'इफ'. कुठल्या घरात कुठला आकडा ठेवायचा, एवढंच. त्यावर काम करणारी माणसं अमुक घरातला आकडा उचल, तमुक घरातल्यात मिळव, हे आकड्यांतच लिहून काढत. फोरट्रॅन १९५७ मध्ये अमेरिकेत बाहेर पडली, आणि तेव्हापासून माणसाने वाक्यासारखं काहीतरी लिहायचं आणि यंत्राने त्याचे आकडे करून घ्यायचे, हा रिवाज पडत गेला. म्हणजे मी ज्याला यंत्राचा खडूसपणा समजत होतो, त्याची यंत्राला कधी गरजच नव्हती. वाक्यरचना लागते ती आपल्याला. आज लिहिलेलं उद्या आपल्यालाच वाचता यावं, दुसऱ्याला हात घालता यावा, म्हणून. कंपायलर बिचारा मधला कारकून. अर्ज नीट भरून द्या म्हणतो.

बराकपूरला उतरून धोबीघाटावर गेलो आणि फेरीबोटीने नदी ओलांडली. पलीकडे श्रीरामपूर. डेन्मार्कच्या ताब्यातलं हे गाव १८४५ पर्यंत इंग्रजांचं नव्हतं, म्हणून विल्यम केरी आणि त्याच्या साथीदारांनी छापखाना इथे थाटला. केरी पलीकडे कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेजात बांगला, संस्कृत आणि मराठी शिकवायचा. कंपनीच्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवायची तर पुस्तक हवं; ते नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं. मराठी भाषेचं व्याकरण, १८०५, श्रीरामपूर मिशन प्रेस. मराठीच्या सगळ्यात जुन्या छापील व्याकरणांपैकी एक या हुगळीकाठी, बंगाली कारागिरांच्या हातून छापून निघालं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण यायला अजून ३१ वर्षं होती. केरीला मदत होती कॉलेजातल्या मराठीच्या पंडिताची, वैजनाथ यांची.

स्कॅन केलेली प्रत मी आधी चाळली होती. शेवटी रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेले आहेत. मी घाटाच्या पायऱ्यांवर बसून केरीच्या आणि वैजनाथांच्या शिकवणीचा विचार करत राहिलो. हा इंग्रज आधी बांगला शिकलेला. बांगलात 'आमि खेयेछि': भात असो, पोळी असो, आंबा असो, खाणारा पुरुष असो की बाई, क्रियापद ढिम्म. लिंगभेद नाहीच मुळी. आणि समोर बसलेला पंडित सांगतोय, 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळं खाल्लं'. अहो, पण खाणारा तर मीच? हो, तरी क्रियापद आता खाल्लेल्याचं ऐकतं. का? भूतकाळ झाला म्हणून. आणि 'रामाने रावणाला मारले' इथे कुणाचंच ऐकत नाही. कर्तरी, कर्मणी, भावे हे आपण शाळेत मार्कांपुरतं घोकतो. परक्याला ते पहिल्यांदा सांगायला बसणाऱ्याचे काय हाल झाले असतील!

त्यात आणखी मोडी. केरीचं १८०५ चं व्याकरण नागरीत आहे, १८१० चा मराठी कोश मोडीत. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं टांगत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घ एकच. म्हणजे सन्निधी पूर्ण वाचणाऱ्याच्या डोक्यात. पेशवाईचा सगळा कारभार यावर चालला, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघांना दफ्तर, माणसं, मामला ठाऊक असायचा.

गंमत अशी, की जुनी फोरट्रॅन अगदी मोडीसारखी होती. मोकळ्या जागेला तिच्या लेखी किंमत नव्हती. 'डू १० आय = १,१०' असं लिहिलं तर आयची किंमत एकपासून दहापर्यंत नेत खालचं काम दहा वेळा कर, असा अर्थ. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं तर ती सगळी अक्षरं चिकटून 'डू१०आय' नावाचं एक खातं तयार होतं आणि त्यात एक पूर्णांक दहा शतांश जमा होतो. यंत्र हूं की चूं करत नाही. नासाच्या १९६०च्या दशकातल्या एका कामात हे खरोखर घडलं आणि वेळीच सापडलं. मरिनर-१ हे यान त्यामुळे गेलं असं सांगतात, ते मात्र खरं नाही. तिथे सूत्र उतरवून घेताना एका अक्षरावरची आडवी रेघ राहून गेली होती. रेघ हो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने कपाळाला हात लावला असता.

विरामचिन्हं मराठीत रुजवल्याचं श्रेय मोल्सवर्थच्या कोशाला हात लावणाऱ्या मेजर कँडीला देतात. बांगलात ते श्रेय ईश्वरचंद्र विद्यासागरांचं. तेही फोर्ट विल्यम कॉलेजातले, केरीनंतरच्या पिढीतले. १८४७ ची त्यांची वेताळपंचविशी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेली. पण दोन्ही भाषांनी एकच सामान घेतलं असं नाही. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह दोघांनीही उचललं. वाक्य संपवायला मात्र आपण दंड टाकून इंग्रजी टिंब घेतलं, बंगाल्यांनी आपला दंड सोडला नाही. ते त्याला 'दाँडि' म्हणतात. माशिमा मला म्हणायच्या, "टिंबावर वाक्य थांबतं कसं तुमचं? घसरत नाही?"

श्रीरामपूरहून परतताना मी हावड्याची लोकल धरली. डब्यात घामट गर्दी, आणि शेजारी एक छोटी मुलगी आईच्या मांडीवर बसून म्हणत होती, "मा, आमार खिदे पेयेछे." मला बडाबाजारातला गणपती आठवला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, देशभर पसरली आहेत, तशी इथेही आहेत. आरतीनंतर त्यांच्यातला सहा वर्षांचा पोरगा आईचा पदर ओढून म्हणाला होता, "आई, माझं भूक लागलं." बापाने लगेच टोकलं, "मला भूक लागली, म्हण." पोरगा म्हणाला, "मला भूक लागलं." तोवर आईने त्याच्या तोंडात मोदक कोंबला होता.

त्या पोराच्या वाक्याने मी चरकलो होतो, कारण माशिमांपुढे मीही तीच चूक करत होतो, उलट बाजूने. 'आमाके खिदे लेगेछे', असं मी ठोकून द्यायचो. मला भूक लागली, शब्दाला शब्द. त्या मान हलवायच्या. "आमाके नाही. आमार. तुझी भूक तुझीच ना? की बाहेरून कोणी आणून लावली तुला?" मी वाद घातला होता. आमच्याकडे भूक लागते, ताप येतो, झोप येते, राग येतो, आठवण येते. सगळं येतं आणि मला येतं, मी नुसता दारात उभा. तुमच्याकडे 'आमार मोने आछे', आठवण माझी, मनात आहेच, तिने येण्याजाण्याचा प्रश्न नाही. माशिमा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "शेजारी दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांची आठवण मला येत नाही, आहेच. पण ताप? ताप तुमचा बरोबर आहे."

सखाराम गणेश देउस्करांचं नाव त्यांनीच मला प्रथम सांगितलं. देवघरकडच्या मराठी घराण्यात १८६९ साली जन्मलेला हा माणूस बांगलात लिहीत राहिला, 'हितवादी' पत्रात काम केलं, आणि त्याचं १९०४ चं 'देशेर कथा' हे पुस्तक इंग्रज सरकारला इतकं झोंबलं की १९१० मध्ये त्यावर बंदी आली. घरात मराठी, कागदावर बांगला. त्याला भूक लागायची की त्याची भूक व्हायची, हे विचारायला कोणी उरलेलं नाही. बडाबाजारातल्या त्या पोराला अजून विचारता येईल; वीस वर्षांनी तो काय म्हणेल, सांगवत नाही.

आणि त्या आईने वाक्य दुरुस्त केलं नाही, मोदक दिला. न्यायशास्त्रात आकांक्षा, योग्यता, सन्निधी यांच्या पुढे चौथं एक सांगतात, तात्पर्य: बोलणाऱ्याच्या मनातलं. 'सैंधव आण' म्हटलं तर जेवणाच्या पाटावर मीठ आणायचं आणि प्रवासाच्या वेळी घोडा, शब्द एकच असला तरी. माझ्या कंपायलरला पाट दिसत नाही. हल्ली जी यंत्रं आपण काय म्हणतोय याचा अंदाज बांधतात, ती अर्धविराम राहिला तर स्वतःच घालून पुढे जातात. कधी बरोबर जागी, कधी माझ्यासारखा 'इफ'च्या कंसापुढे. मला जुना कारकूनच बरा वाटतो. त्याला कळलं नाही तर निदान तो तसं सांगतो.

हावड्याहून घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले. गल्लीत घोटाभर पाणी. दाराला कडी नव्हती, ढकललं. माशिमा आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या, वर्धमानला बहिणीशी असाव्यात. मला पाठमोऱ्या दिसत होत्या. पावसाबद्दल, मग हिल्सा माशाच्या भावाबद्दल. बुटांचा आवाज झाला तशा फोनमध्ये म्हणाल्या, "आच्छा, राखछि. छेलेटा एशेछे."

मी नाडी सोडता सोडता थांबलो.

"भिजलास ना?" त्या बाहेर येऊन बांगलात म्हणाल्या. "चा खाबे?"